नऊ मिलिमीटर

सिव्हिलच्या ओपीडीत, चौदा नंबरच्या खोलीत
एप्रिलमध्ये स्लाईड तापवायला दिवा लागत नाही.
पोटॅशचा थेंब टाकून खिडकीच्या दगडावर ठेवली
की नखाचा पापुद्रा आपोआप विरघळतो,
आणि बुरशी असेल तर दिसते धाग्यासारखी.
सुताच्या गावात तीही सूतच कातते.

माझ्या प्रबंधाचा विषय
विडी वळणाऱ्या बायकांची नखं.
हात एकशेवीस. नखं सहाशे.
सर म्हणाले होते, केसांवर कर, केसांचं लवकर छापून येतं.
चाई पडलेली पोरं बाकावर टोप्या घालून बसतात,
त्यांच्या आया विचारतात, कांदा चोळू का?
कोड, इसब, गजकर्ण, नखुरडं
रांगेतून पुढं सरकत येतात
आणि माझ्या टेबलापाशी पोचेतो
लॅटिन होऊन जातात.

राजमणी बोमड्याल. राहणार विडी घरकुल, कुंभारी.
वय? 'पन्नास टाका.'
सोबत सून भाग्यलक्ष्मी, दुभाषी म्हणून.
मी कणकवलीची, मला तेलुगू येत नाही,
आणि म्हातारीचं मराठी
ब्रँचमधल्या मुकादमापुरतं.

नऊ नखं तिनं मुकाट कापू दिली.
उजवा अंगठा मात्र मुठीत.
'तो नको म्हणते,' सून म्हणाली,
'त्यानंच विडीचं तोंड दुमडते. रोज हजार तोंडं.'
मी लिहिलं: नमुने पाचशे नव्व्याण्णव.

पण भिंगाखाली ठेवायला काय हरकत?
तंबाखूनं पिकलेलं, विटकरी, कडेला झिजलेलं नख,
आणि त्यावर आडवा चर,
नांगराच्या तासासारखा, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
मग पाहिलं, तो दहाही बोटांवर होता.
कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे या चराला.
शरीर काही दिवस नख बनवायचं विसरतं,
बस, एवढाच त्याचा अर्थ.

मुळापासून नऊ मिलिमीटर.
महिन्याला तीन. हिशेब सोपा.
मी विचारलं, 'गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास काय झालं होतं?
ताप? टायफॉइड? ऑपरेशन?'

राजमणीबाईंनी अंगठ्याकडं पाहिलं,
जणू तो चुगलखोर निघाला.
मग बोलल्या.
बराच वेळ बोलल्या, आवाज न चढवता.
मधे एकदा हात काखेजवळ नेऊन
काहीतरी उचलल्यासारखं केलं, आणि खाली ठेवलं.
पंखा होता म्हणून निदान पंख्याचा आवाज होता.

सून खिडकीकडं बघत म्हणाली,
'काही नाही म्हणते.'

एवढ्या लांब वाक्याचं
मराठी एवढंच?

फॉर्मवर दोनच चौकोन होते.
मी 'नाही'वर खूण केली.
त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर
ओली चादर पांघरून झोपताना
ते उचलणं आणि ठेवणं
मी माझ्याच हातानं करून पाहिलं.
वजन कळलं नाही.

जूनअखेर त्या परत आल्या.
बाकीची नखं कोरी, गुळगुळीत,
चर केव्हाच कात्रीखाली गेलेला.
अंगठ्याचाही टोकाला पोचून तुटलेला.
मी जरा घाईनंच विचारलं, 'तुकडा कुठाय?'
आणि लाजले.

सून हसली.
'वळताना तुटला. गेला असेल एखाद्या विडीत.
कट्टा बांधून झाला, ब्रँचला गेला,
आता कुठं शोधणार?'

कुठल्यातरी स्टँडवर, कुणीतरी माणूस
काडी ओढून, डोळे बारीक करून
एक झुरका जास्तच कडू लागला म्हणून
थुंकला असेल.

राजमणीबाई काहीतरी बोलल्या.
तीन शब्द, फार तर चार.
'आता बरं आहे म्हणते,' सून म्हणाली.
मी मनातल्या मनात मोजलं.
या वेळी बहुतेक पूर्ण आलं होतं.

रजिस्टरमध्ये शेवटची ओळ भरायची आहे.
नमुना क्रमांक सहाशे: उपलब्ध नाही.
कारण लिहायला जागा आहे,
चांगली नऊ मिलिमीटर.