नाव दुरुस्तीचा अर्ज

आगशीचा कायतान बार्रेटो, तारवटी,
एकतीस वर्षं बोटीच्या पोटात राबलेला,
माझ्या टेबलासमोर उभा:
एक-चौदाच्या उताऱ्यात बापाचं नाव चुकलंय.
पाश्कोल. पास्क्वाल. पासकू.
कागद तीन, बाप तीन, खाजन एक.

सर्व्हर बंद होता. बस म्हटलं.
बसला, आणि न विचारताच
सांगू लागला मॅन नावाच्या बेटाचं.
पंखा मोडून अकरा दिवस अडकलेली बोट,
थंडीत करायला काही नाही
म्हणून हा इगर्जेतला खुरीस बघायला गेला.
काळा दगड, कडेवर चाकूचे असावेत तसे ओरखडे.
पाद्र्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं:
बापाचं नाव उत्तरेकडलं, लेकीचं तिथल्या मातीचं.

लुटायलाच आले होते, सायबा, तो म्हणाला.
मठ जाळले, पुस्तकांवरचं सोनं खरवडलं,
माणसं दोरीला बांधून विकली.
मग एकदा हिवाळ्यापुरते थांबले.
तेवढंच चुकलं.

नावा चिखलात ओढल्या, कुंपण घातलं, बाजार बसला.
इवारचे नातू डब्लिनात राजे झाले,
पणतू बेटांवर.
भावानं भावाला मारलं, पुतण्यानं दोघांना.
आणि स्वैपाकघरात तोवर
बायका पोरांना गेलीत रागावू लागल्या होत्या.
तिथले लोक त्यांना काय म्हणत, ठाऊक आहे?
परके गेल.
आम्ही पाकल्यांना पाकले म्हणतो, तसं;
पण अर्धंच.

एका राजाला तर चपलेच्या नावानं हाक मारत.
म्हातारपणी लढाई हरला
आणि एका बेटावरच्या मठात जाऊन मेला.
त्याच मठावर कधीकाळी
त्याच्याच जातभाईंच्या कुऱ्हाडी पडल्या होत्या.

मी शिक्क्याची शाई उगाच पुसत राहिलो.
आमच्याही थोरल्या गोव्याच्या बंदरात
अरब नाखव्याचा नातू कदंबांचा अधिकारी झाला.
आता तिथे बसथांबा, चवरीस टांगलेली दुकानं,
तटाचे चिरे कुणाकुणाच्या बांधात.
माझ्या आजोबांच्या सहीत सिनाय आहे,
माझ्या सहीत नाही.
घरी कोकणी, देवळात मराठी,
खरेदीखत पोर्तुगीज,
ते वाचायला आम्ही दिवाडीच्या नोटरीला पैसे देतो.

पावणेएकला स्क्रीन उजळला.
रकाना एकच. कुठलं लिहू, विचारलं.
इगर्जेत पाश्कोल, म्हणाला,
शाळेत पास्क्वाल.
भरतीला रात्री कंदील घेऊन मानस उघडायला जायचा
त्याला आई हाक मारायची, पासकू.

टंकलं. यंत्रानं पुरावा मागितला.
कायताननं खिशातून फोन काढला,
बराच वेळ अंगठ्यानं सरकवत राहिला,
मग माझ्यापुढे धरला:
काळा दगड, शेजारी रेनकोटातला तो,
तेव्हाचा, बारीक मिशांचा,
बोट एका ओरखड्यावर.

हा चालणार नाही, म्हटलं मी,
आणि फोटो मोठा करून बघितला.