चालू आहे, दिसत नाही

गुरुवारची संध्याकाळ. रुवीत ऑफिसं सुट्टीच्या तोंडाशी,
आणि सोहारहून नवाल बलुशीचं तिकीट :
मागितलेली मशीन तयार झाल्याचा मेल आला,
माझ्या यादीत एकही नाही.

मी बघतो. आहेत की.
चार मशीन, चारही हिरवी,
कालपासून बिलात बैसे पडतायत टपटप,
खिडकीतल्या एसीच्या पाण्यासारखे.
लिहितो : सगळं व्यवस्थित आहे, पान ताजं करा.
केलं, ती लिहिते.
दोन मिनिटांनी : पुन्हा केलं.

माझ्या खात्याला सगळ्या भिंती काचेच्या.
एका छपराखाली अकरा भाडेकरू,
बंदरवाले, खजूरवाले, दातांच्या दवाखान्यांची एक साखळी,
आणि एकाच्या फोडणीचा वास
दुसऱ्याला लागता कामा नये, हा करार.
मी 'भाडेकरू' म्हटलं की ऑफिसात हसतात.
हसोत. मी हमरियात राहतो,
हॉलचे प्लायवूडने तीन केलेत, त्यातल्या मधल्यात.
पलीकडे आरिफ परकार, दाभोळचा.
त्याच्या आईची साखर किती, हे मला रोज रात्री कळतं,
मी न विचारता.
आमचं सॉफ्टवेअर प्लायवूडपेक्षा पक्कं आहे.

भूमिका तपासली. बरोबर.
गट तपासला. सोहार, हिशेब विभाग. बरोबर.
टॅग होता, स्पेलिंगसकट.
मग्रिबची अजान होऊन गेली,
सफाईवाला हबीबुर माझ्या पायांखालून पोछा मारून गेला,
करकचा कप टेबलावर थंड, वर साय.

शेवटी तिच्या नावाने आत शिरलो.
तशी परवानगी असते, नोंदही होते.
तिचा पडदा : डावीकडे मेनू, वर सलाम, नवाल,
आणि मधोमध करड्या अक्षरांत
'दाखवण्यासारखे काही नाही.'
मी उगाच थोडा वेळ तिथेच थांबलो.
पान ताजं केलं.
पुन्हा केलं.

मग आठवलं.
तिची मंजुरी अडकलेली, म्हणून बुधवारी
तिच्या वतीने ऑर्डर मीच टाकली होती.
तिच्या भूमिकेत एक ओळ आहे : स्वतःचं असेल तेवढंच दिसेल.
आणि 'मालक' या रकान्यात माझं नाव.

सात वर्षं झाली या देशात.
खोली परकारच्या मेहुण्याच्या नावावर,
सिमकार्ड कंपनीचं, खुर्चीवर मालमत्ता क्रमांक.
माझ्या मालकीचं म्हणाल तर
ही चार मशीन,
तीही माझ्याच चुकीने.

नाव बदललं. एक. दोन. तीन.
कारण या रकान्यात लिहिलं : अभियंत्याची चूक.
खोडून पुन्हा तेच लिहिलं.
दिसली! नवाल लिहिते.
आणि लगेच : तीनच. चौथी?

चौथीचं बटण दाबलं जात नाही.
ती ज्या साच्यातून काढली तो साचा
गेल्या वर्षी बंद पडलेल्या एका भाडेकरूचा,
ती कुणाला द्यायची तर होकार
फहीम नावाच्या कुणाचा लागतो,
आणि फहीमचं खातं काढून टाकलेलं, माझ्याच सहीनं.
तोवर ती चालतेय, हिरवी,
रात्रभर कुणाचे तरी आकडे जुळवायला तयार.

रविवारी बघतो, मी लिहिलं.
ठीक, तिने लिहिलं. पण तिला बंद करू नका.

घरी पोचलो तर जिन्यात एक पोरगा, हातात खोकं,
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.
आमच्या बेलवरची पट्टी वाचत होता.
ती अजून कुट्टप्पनच्या नावाची,
तो सलालाला गेला त्याला तीन रमजान झाले.
कुट्टप्पन? त्याने विचारलं.
आतून परकारच्या फोनचा आवाज येत होता.
हो, म्हणालो,
आणि सही केली.