समास

फतेगंजच्या कोपऱ्यावर माझं दुकान. नकाशे छापून मिळतील.
त्याआधी अडतीस वर्षं महापालिकेत ट्रेसर होतो.
अमोनियाचा वास नाकातून अजून गेला नाही,
बोटं मात्र आता नुसती बटणं दाबतात.

ती आली तेव्हा वीज नुकतीच परतली होती.
"दुमेला, रा," म्हणाली,
आणि मला वाटलं, जुन्या पत्रावरचं रा. रा.
म्हणता म्हणता हिनं एक रा गिळला.
ओनालेन्ना. वास्तुकलेचं चौथं वर्ष.
पेनड्राइव्हमध्ये तिचं गाव होतं.
"गाव नाही," ती म्हणाली, "राजधानी."
गाबोरोने. लिहायचा ग, म्हणायचा घशातून ख.

मशीन तापेपर्यंत सांगत राहिली,
हिंदीत, मधेच गुजराती, कुठे नुसते हात.
तिच्या देशाची राजधानी आधी देशातच नव्हती.
हद्दीपलीकडच्या भलत्याच गावात बसून
साहेब लोक हिच्या पणजोबाची गुरं मोजायचे.
म्हणजे किल्ली आपली, खुंटी शेजाऱ्याची.
मग स्वातंत्र्याची तारीख ठरली
आणि ध्यानात आलं, झेंड्याचा खांब रोवायचा कुठं?
रेल्वेचा रूळ होता. एक नदी, बहुतेक महिने वाळूचीच.
बाभळी. आणि एका जुन्या राजाचं नाव,
तेही साहेबानं चुकीचं लिहिलेलं.
दोन-तीन वर्षांत शहर उभं केलं:
धरण, कचेऱ्या, मधोमध पायी हिंडायचा बाजार,
सगळं वीस हजार माणसांपुरतं. मोजून.
"पंगतीच्या पानांसारखं?" मी विचारलं.
"हो. आणि आता अडीच लाख बसलेत,
उठायला कुणी तयार नाही."

नाव दुरुस्त व्हायला आणखी तीन वर्षं गेली म्हणे.
ते मला कळलं.
आमच्या स्टेशनावरची पाटी बदलून जमाना झाला,
माझी जीभ अजून बडोद्यालाच उतरते.

कागद सरकत बाहेर आला.
तिनं तो काउंटरवर पसरला, कोपऱ्यांवर
स्टेपलर, माझं चष्म्याचं घर, चहाचा रिकामा पेला,
चौथ्यावर स्वतःचा तळहात.
आणि गप्प झाली.
"खालचं कुठंय?"
खाली दोन बोटांचा समास होता, कोरा.
मशीन तेवढा सोडतंच.
"तिथं नालेदी आहे."

नालेदी म्हणजे तारा.
ज्यांनी विटा वाहिल्या, सिमेंट कालवलं,
ते काम संपलं की जातील, असं आराखडा धरून चालला होता.
ते गेले नाहीत. जाणार कुठं?
कामावरचेच पत्रे उभे केले, दारं नंतर बसवली.
बाजाराच्या फरश्या तिच्या आजोबांच्या हातच्या.
वस्ती उठवायचं ठरलं, उठली नाही,
शेवटी सरकारनं नळ दिले.
"तेव्हा त्यांच्या कागदावर मावली नाही," ती म्हणाली,
"आज तुमच्या."

मशीनचा दोष, मी म्हणालो.

एकोणनव्वद साल असेल.
विश्वामित्रीचा काठ माझ्या टेबलावर.
पाहणीच्या वहीत बावन्न झोपड्या, एक पिठाची गिरणी,
कडुलिंबाखाली शेंदराचा दगड.
दिघेसाहेब म्हणाले, तिथं हिरवा मार.
मी मारला. सारखा, एक थेंब ओघळू न देता.
हाताबद्दल शाबासकीही मिळाली.
पुढे केव्हातरी त्या हिरव्यावर बाकं आली.
मी संध्याकाळी बसतो तिथे.

हे तिला सांगितलं नाही.
तेवढं हिंदी मला येतं.

नकाशा लहान केला तर गल्ल्या पुसट होतात,
म्हणून खालची पट्टी वेगळी छापली,
मागून टेप लावून जोडली,
जुन्या सवयीनं रेषेला रेषा भिडवत.
एका नाल्यापाशी केसभर चुकलो, उखडून पुन्हा.
पैसे एकाच कागदाचे घेतले.

गुंडाळी नळीत गेली, पण दोन बोटं वर राहिली.
"झाकण लागत नाहीये," ती म्हणाली.
राहू दे, म्हटलं.