नकाशावर अंगठ्याएवढं

बीटी गावात पेट्रोलपंपाशी गाढवं उभी असतात.
खाणी संपल्या तेव्हा कुणीतरी सोडून दिलेल्यांची
नातवंडं-पतवंडं.
त्यांना वळसा घालून मर्ना हॉल्वर्सनची जीप आली.
शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई,
एकोणीस वर्षं एका किड्याची शिरगणती करते,
बिनपगारी.

मी कंपनीची. सौरऊर्जा.
मांडीवर नकाशा, नकाशावर निळे चौकोन,
आणि एका चौकोनाच्या कोपऱ्यात
पेन्सिलीने काढलेला गोल,
माझ्या अंगठ्याखाली झाकला जाईल एवढा.
"एवढंच?"
"एवढंच. दोन टेकड्या नि एक कोरडा ओढा.
पलीकडे नाही. पलीकडे मी पाहिलंय."

नऊलाच दगडावर हात टेकवत नव्हता.
दोरी धरून चाललो, दहा-दहा पावलांवर थांबत.
प्रत्येक राखाडी झुडपाशी ती गुडघ्यावर बसायची,
दांडी बांधलेल्या चष्म्यातून पाहायची
आणि "नाही" म्हणायची,
हजेरी घेताना म्हणतात तसं,
आज आला नाही, उद्या येईल.

मी मनात शब्द चाळत होते.
टोळ म्हणावं तर मागोमाग धाड येते,
आभाळ झाकणारी, शेतं फस्त करणारी.
नाकतोडा म्हणावं, तर कुणाचं नाक
आणि तोडणार कधी हा?
दोन्ही शब्द याला ढगळ होतात,
थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखे.

अकरा वाजून वीस मिनिटांनी
मर्नाने माझं मनगट धरलं.
मला काडीच दिसत होती.
मग काडीला डोळा होता.

पाठीवर, पंख असायचे तिथे, दोन खवले.
कुणी लिहायला घ्यावं
आणि पहिल्या अक्षराच्या काना-मात्रेआधीच उठून जावं.
मी वाकले. तो उडाला नाही,
उडी मारून पळालाही नाही.
काडी मध्ये ठेवून फक्त पलीकडे सरकला.
मी डावीकडे, तो उजवीकडे.
मी उजवीकडे, तो पुन्हा आड.
एवढ्या मोठ्या वाळवंटात
त्याचा सगळा भरवसा एका काडीवर.

जीपमध्ये मर्नाने कलिंगड कापलं.
"उचलून दुसरीकडे ठेवला तर?"
प्रश्न माझा नव्हता, फॉर्मवर छापलेला होता.
तिने खिडकीबाहेर बी थुंकली.
"ठेवले होते. सहा. माझ्याच हाताने.
झुडूप तेच, मातीही तीच, असं मला वाटलं होतं."
पुढे बोलली नाही.
सालं मात्र पिशवीत भरून घेतली, गाढवांसाठी.

रात्री मोटेलमध्ये निळे चौकोन हलवून पाहिले.
एक पूर्वेला नेला तर तारेचा खर्च वाढतो.
दुसरा फिरवला तर दुपारची सावली
नेमकी ओढ्यावर.
बारा वर्षांत आठ पत्ते बदलले मी,
खोकी तीच, चिकटपट्टी नवी.
त्यातल्या कुठल्या पत्त्यावर अशी एखादी काडी होती का,
आठवत बसले आणि झोप गेली.

फॉर्मचा शेवटचा रकाना: संख्या.
आकड्यात लिहिली.
मग समासात, बारीक अक्षरात, मराठीत: एक.
जो वाचेल त्याला कळणार नाही, तरी.

बाहेर एक गाढव कचऱ्याचा डबा पाडत होतं,
सावकाश, दोन-तीन धक्क्यांत.