सत्याहत्तर–पंचाहत्तर

मी वजनमापे खात्यात आहे, मुरगाव तालुका.
माझ्या लाकडी पेटीत, निळ्या मखमलीच्या खोबणींत
पितळेची वजनं झोपलेली असतात.
त्यांना उघड्या बोटांनी शिवायचं नाही,
घामानंही वजन वाढतं, असं शिकवलंय आम्हाला.

शनिवारी रात्री मात्र मी जज होतो,
चिखलीच्या हॉलात, रिंगच्या दक्षिण बाजूला
उंच स्टुलावर, हातात पेन्सिल.
मानधनाचं पाकीट आधीच खिशात,
नेहमीएवढंच जाड. पावती दिलेली.

ऑस्बर्ट कुलासो, पणजीचा, कॅसिनोवाल्यांचा माणूस,
झग्याच्या पाठीवर त्यांच्याच बोटीचं नाव.
समोर यल्लप्पा लमाणी, बायण्याचा.
झगा नाही. खांद्यावर कुठल्याशा लॉजचा टॉवेल.

पाचव्या फेरीत कुलासो खाली बसला.
डावा हूक होता, बरगडीखाली. मला दिसला.
रेफरीनं हात हलवले : घसरला.
पाणी सांडलंय म्हणाला, पोऱ्याला बोलावलं.
पोऱ्यानं कोरडी जागा पुसली,
मन लावून, चारी बाजूंनी.
रेफरी घसरला म्हणाला की आम्ही पडला लिहायचं नाही.
नियमच आहे.
मला नियम आवडतात.

सहावीत कुलासो मारत होता
यल्लप्पाच्या हातमोज्यांवर, कोपरांवर,
आणि दर ठोशाला हॉल खुर्च्यांवर चढत होता.
मी आवाजाला गुण दिले.
दहा–नऊ.
या खेळात हरणाऱ्यालाही नऊ मिळतात,
म्हणून लिहिताना हात अडखळत नाही.
एकाचाच तर फरक.
एक म्हणजे काय, पाटीभर बांगड्यांतला एक बांगडा.

आठवीबद्दल मी बोलणार नाही.

कुणी मला काही सांगितलं नव्हतं.
हे मी बायकोला रात्री दोनदा सांगितलं,
तिनं काही विचारलं नसताना.
फक्त जिन्यात एकानं पुढच्या महिन्याची तारीख काढली होती,
‘मोकळे आहात ना, च्यारीबाब?’

पहिला कागद यल्लप्पाचा निघाला. दुसरा कुलासोचा.
माझा शेवटी वाचला.
तोवर यल्लप्पानं, रेफरीनं धरलेला हात
आपणच थोडा उचलायला घेतला होता,
कोपरापर्यंत आला होता.
मग त्यानं तो खाली ठेवला,
दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

सोमवारी खारीवाड्याच्या जेटीवर तपासणी.
रोझालिनाचा काटा पन्नास ग्रॅम खोटा निघाला.
मी दंड लिहिला,
आणि पन्नास ग्रॅमांवरून तिनं माझ्या सात पिढ्या मोजल्या
मासळी बाजाराला ऐकू जाईल अशा.
मी मान वर केली नाही. पन्नास म्हणजे पन्नास.

मग बर्फाच्या गोदामातला मोठा काटा.
लादी ओढत जो बाहेर आला, तो यल्लप्पा.
डावा डोळा मिटलेला, पिकल्या जांभळासारखा.
त्यानं मला ओळखलं.
नमस्कार केला. खरंच केला.

वीस-वीस किलोची वजनं जीपमध्येच राहिली होती
आणि जीप डिझेलला गेलेली.
‘हांव चडूं?’ तो म्हणाला,
आणि मी हो-नाही म्हणायच्या आत
चपला काढून चढलासुद्धा, ओल्या पायांनी,
जसं शुक्रवारी आमच्यासमोर चढला होता,
हात बाजूला, नजर समोर, श्वास धरून.
काटा थरथरला. थांबला.
सदुसष्ट किलो नऊशे.
‘शुक्रारा सासश्ट पांचशें आशिल्लों,’ तो हसला, अर्ध्या तोंडानं,
‘दोन दीस बरें जेवलां.’
मग खाली वाकून आकड्याकडे बघत,
‘समा आसा मूं, सायबा?’

आहे, मी म्हणालो.
तो उतरला, चपला घातल्या,
लादीला आकडी लावून ओढत घेऊन गेला.
मी तारेत शिसं अडकवलं, पक्कड दाबली,
यंदाचं साल उमटलं.
काटा शून्यावर परत आला की नाही,
बघायचं राहिलं.