कळण

मे महिन्यात राळ थांबत नाही.
हार्डनर पडला की एरवी तासभर हातात असतो,
जळगावच्या सेहेचाळीस अंशांत वीस मिनिटं.
मग बादलीत ढवळणी उभीच्या उभी राहते,
बैल लावला तरी निघत नाही.
म्हणून आम्ही पहाटे चारला ओततो.
वसाहतीत तेव्हा फक्त कुत्री जागी,
दालमिलच्या फाटकाशी पेंगणारा वॉचमन,
आणि महामार्गावर रावेरकडून येणाऱ्या केळीच्या गाड्या.

काम काय, तर विजेचे इन्सुलेटर.
विटकरी रंगाचे, अंगावर वळ्या वळ्या.
नुसत्या राळेचा केला तर काचेसारखा देखणा होतो
आणि एखाद्या थंडीत उभा तडकतो.
म्हणून तिच्यात गारगोटीचं पीठ,
किलोत सहाशे ग्रॅम.
नाव राळेचं, अंग दगडाचं.

मिक्सरवर रुबाब तडवी. यावलच्या वरचा,
सातपुडा जिथे गुडघे टेकतो तिथला.
पहिल्या दिवशी चिमटीत पीठ चोळून म्हणाला,
"ताई, इतकं बारीक कोन्या गिरणीत दयलं?"
मग स्वतःशीच, "कयनाचंच काम आहे हे.
नुसती ज्वारी मोडते. उडीद पडला का भाकर लवते."
मी म्हटलं, इथे जरा उलट आहे.
"उलट असू द्या. मियालं पाहिजे, बस."

तेच तर मिळत नव्हतं.
दगडाला पाण्याची ओढ, राळेला वावडं.
दाण्याच्या अंगावर हवेतली ओल बसते,
दिसत नाही, पण राळेला शिवू देत नाही.
पीठ भट्टीत भाजलं, गुठळ्या चाळल्या,
तरी पट्टी यंत्रात धरली की, कट्.
एकसष्ट. अठ्ठावन्न. साठ.
तुटल्या तोंडावर भिंग धरलं तर
दाणे धुतल्यासारखे स्वच्छ,
आणि समोरच्या तुकड्यात त्यांचे रिकामे खळगे.
वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेले,
एकमेकांच्या लग्नाला न गेलेले.

मग सिलेन आलं. बाटलीभर, उग्र वासाचं.
शंभर किलो पिठाला किलोभरही लागत नाही.
त्याचा एक हात दगडाला, दुसरा राळेला.
सोयरीक जुळवून, जेवून, टोपी घालून
निघून जाणारा मध्यस्थ नव्हे,
मधेच राहून गेलेला.

सातवी पट्टी. काटा साठ ओलांडून गेला.
सत्तर.
ऐंशीला मी श्वास धरला.
ब्याऐंशीवर तुटली, आणि आवाजही निराळा,
वाळलेल्या तुरकाठीसारखा नाही, ओल्या बाभळीसारखा.
भिंगाखाली राळ दाण्याला चिकटलेली.
एक दाणा तर मधोमध फुटला होता,
दोन्ही तुकड्यांत अर्धा अर्धा,
पण हात सोडला नव्हता.

हरखून मी भिंग रुबाबला दिलं.
त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
"माह्या बापाच्या छातीत हेच पीठ होतं.
गारगोटीच्या गिरणीत अकरा वर्सं.
सिव्हिलात फोटो काढला, डॉक्टरनं उजेडावर धरला,
असेच पांढरे दाने, भरून.
तो काई मजबूत नाई झाला, ताई."

भट्टीचा पंखा फिरत होता.

"हे बाटलीतलं, मानसाले चालत नाई?"

नाही, म्हटलं.
पुढचं मला ठाऊक होतं, ते बोलले नाही:
की फुप्फुसही दाण्याला सोडत नाही,
त्याच्याभोवती गाठ बांधतं, घट्ट करतं,
आणि श्वासाला घट्ट काही नको असतं.

नोंदवहीत लिहिलं, पट्टी सात, ब्याऐंशी.
खरेदीच्या कागदावर तिसऱ्यांदा लिहिलं,
हॉपरला झाकण, धूळ ओढणारा पंखा एक.
या वेळी खाली माझी सही, आणि त्याखाली त्याची,
वळणदार, शाळेत शिकलेली.

तेवढ्यात लाइट गेली.
विजेचं सामान करणाऱ्या शेडमध्ये
मिक्सर कण्हत कण्हत थांबला.
रुबाबनं मास्कवर ओला रुमाल बांधला,
झाकण उघडून आत लाकडी दांडा घातला
आणि हातानं ढवळू लागला.
मी घड्याळ धरून उभी.
अकरा मिनिटं.
राळ कोमट होत चालली होती.