दोन एक तीन सहा

पेन्शनची थकबाकी आली एकरकमी
आणि मी कुणाला न विचारता
आल्तिनोवरच्या त्या हॉटेलात दोन रात्रींची खोली घेतली.
पुतण्याला सांगितलं, फोंड्याला जातेय, देवीला.
देवी समजून घेईल.

वळणावर टॅक्सीवाला म्हणाला,
मावशे, थंय कामाक आसा तूं?
नाही रे, म्हटलं, राहायला.
मग माथ्यावर पोचेपर्यंत तो आरशातून
माझ्या कापडी पिशवीकडे बघत राहिला.

एकोणीस वर्षं मी हे हॉटेल कानाने पाहिलं.
खाली, पोस्टाजवळच्या एक्स्चेंजमध्ये,
हेडफोनची पट्टी अंबाड्यात रुतलेली,
दोन एक तीन सहा.
पहिल्याच घंटेला आवेलिनो उचलायचा,
आधी घसा साफ करायचा, टायची गाठ सारखी करावी तसा.
मुंबई अर्जंट. बैरूत, उद्या सकाळी.
लिस्बनची लाइन आजही नाही, सिन्योर.
त्याच्या पाठीमागे चमचे वाजायचे,
आणि कुणीतरी पियानोची एकच पट्टी दाबत बसलेलं असायचं,
ती बिघडलेली होती की माणूस, हे कळलं नाही.
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
हे मी रडणाऱ्या बायकांना विचारलंय.
सौदा तुटताना विचारलंय.
एकदा एकाने नुसतं हं म्हणून
नऊ मिनिटं काहीच न बोलता पैसे भरले.

खोलीत शिंपल्यांची खिडकी आहे,
उन्हाला ताकासारखं करून आत सोडणारी.
पलंग इतका उंच की चढायला पायरी.
टेबलावर काळा फोन, चकचकीत पुसलेला.
उचलला. वजन तेच.
आत काही नाही. वायरच कापलेली, शोभेचा.

दुपारी स्पा. बिलात तोही धरलेला, म्हणून गेले.
इंफाळची मेमचा, माझ्या नातीएवढी असती,
नात असती तर.
पाठीला कोमट तेल लावता लावता थांबली.
तुमचा डावा खांदा वर आहे, म्हणाली,
इतकी वर्षं काय उचलत होता?
बैरूत, मी म्हटलं.
तिने अंगठा रोवला त्या गाठीत
आणि मी ओरडले, चांगलीच.
शेजारच्या पडद्याआडची बाई हसली, का कोण जाणे.

जेवणघराकडे जाताना भिंतीवर फोटो,
नोकरवर्ग, अठ्ठ्याहत्तर साल,
तीन रांगा, खाली नावं नाहीत.
रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, आवेलिनो कोणता?
ती म्हणाली, मॅम, आमचं मॅनेजमेंट नवीन आहे.
अकरा पुरुष. मी एकेकाच्या ओठांकडे पाहिलं.
टाय सगळ्यांचेच सरळ.
एक जाडा, एक पोरगेलासा, एकाचे डोळे मिटलेले.
मिटल्या डोळ्यांचा तो निघू नये असं वाटलं,
आणि लगेच, तोच असावा असंही.

रात्री व्हरांड्यात बसले.
खाली मळ्यातली घरं, पलीकडे पाटो,
मांडवीत जुगाराच्या बोटी लग्नघरासारख्या पेटलेल्या.
दिवे लागत होते, विझत होते.
माझी बोटं खुर्चीच्या दांड्यावर
आपसूक भोकं शोधू लागली, कॉर्ड खुपसायला.
हा दिवा बोलावतोय. तो थांबून थकला.

मग मी मोबाइल काढला आणि हॉटेललाच फोन लावला.
पुढे तीन आकडे चिकटलेत आता,
पण शेपूट तेच, दोन एक तीन सहा.
कानात घंटा वाजली,
आणि लाकडी जिन्यावरून तीच घंटा
खालून वर आली, जराशी उशिरा.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
दोन्ही टोकं एकदम ऐकली.
सातव्या घंटेला मुलीने उचलला.
गुड ईव्हनिंग, हाउ मे आय हेल्प यू?
मी घसा साफ केला.
गरम पाणी पाठवा, म्हटलं,
आणि जमलं तर लिंबू.